बाबांच्या वतीने

दुभाष्यांच्या धंद्यात एक नियम आहे. आपल्या घरच्या माणसासाठी दुभाषी व्हायचं नाही. सर्जन आपल्या आईवर शस्त्रक्रिया करत नाही, न्यायाधीश आपल्या भावाचा खटला चालवत नाही, तसंच हे. तिला हा नियम पाठ होता. कामाला नव्याने लागलेल्या मुलींना ती तो शिकवायची, आणि एखादीने मोडला तर चांगली खरडपट्टी काढायची. तरीही बाबांना इस्पितळात आणलं त्या सकाळी डॉक्टरांनी विचारलं, "खुणांची भाषा येणारं कुणी बोलावू का?" तेव्हा ती पटकन म्हणून गेली, "कशाला? मी आहे ना."

नियम करणारी माणसं अगदीच रिकामटेकडी नसतात. पण हे आपल्याला नेहमी नंतर कळतं.

तसं पाहिलं तर चार वर्षांची असल्यापासून ती हेच करत आली होती. आई आणि बाबा दोघंही जन्मापासून बहिरे. घरात सगळं बोलणं हातांनी. लाड हातांनी, भांडणं हातांनी, टोमणेसुद्धा हातांनी, आणि आईचे टोमणे तर असे की समोरच्याने डोळे मिटून घ्यावेत. तोंडाची भाषा ती शेजारच्या काकूंकडे बसून शिकली, दुसरी भाषा म्हणून. ती येते आहे असं दिसल्यावर घरच्यांनी तिला जुंपलंच. फोन आला की ही. पाण्याच्या कार्यालयात तक्रार करायची तर ही. काउंटरवर हनुवटीसुद्धा पोचत नव्हती आणि ती करारी आवाजात सांगायची, "माझ्या घरात तीन दिवस पाणी नाही. मी दोनदा लेखी कळवलं आहे." कारकून हसायचे. बाबा हसायचे नाहीत, कारण वाक्य त्यांचं होतं.

दुभाषी 'ते म्हणतात' असं म्हणत नाही, थेट 'मी' म्हणतो, तो असा. समोरच्याचं डोकं दुखत असेल तर दुभाषीही 'माझं डोकं दुखतंय' असंच म्हणणार, मग त्याचं स्वतःचं डोकं कितीही शांत असो. दिवसभर दुसऱ्याचा 'मी' तोंडात घोळवायचा आणि संध्याकाळी चूळ भरून टाकून द्यायचा, असं ती मैत्रिणींना सांगायची. मैत्रिणींना हा विनोद वाटायचा.

तिच्याहून मोठा दादा होता. तो लहानपणीच शिकायला मामाकडे गेला, तिकडचाच झाला. जेव, झोप, ये, जा, शाबास, एवढ्याच खुणा त्याला येत. आई वारल्यावर दोन खोल्यांच्या त्या घरात बाबा आणि ती असे दोघंच उरले. दाराची घंटा दाबली की घरात दिवा लुकलुकायचा. पंधरा वर्षं ती त्या दिव्याकडे बघून दार उघडत होती.

बाबा जुळारी होते. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवायच्या, हे काम त्यांनी चाळीस वर्षं केलं. छापखान्यातल्या यंत्रांच्या खडखडाटाने बाकीच्यांचे कान बसले, बाबांना काय त्याचं. खिळ्यांवरची अक्षरं उलटी असतात, ती ते उलटीच वाचत, तुम्ही आम्ही सुलटी वाचतो त्याहून भरभर. छापून आलेल्या कागदावरच्या चुका शोधायला त्यांनी तिला शिकवलं होतं. ओळ नेहमी शेवटाकडून वाच, ते सांगायचे. सुरुवातीकडून वाचलंस तर डोळा तिथे काय आहे ते बघत नाही, काय असायला हवं ते बघतो.

झटका मेंदूच्या डाव्या बाजूला बसला होता. हातपाय मात्र धड होते, आणि त्यामुळे सगळे खूश होते. तिसऱ्या दिवशी बाबा उशीला टेकून बसले आणि त्यांनी हात उचलले. भरभर, सफाईने, पहिल्यासारखे. मध्ये थांबत होते, भुवया उंचावत होते, मान तिरकी करून एखादा मुद्दा पटवत होते. डॉक्टर तिच्याकडे वळले.

तिला काही तरी वेगळं दिसलं नाही असं नाही. खुणांच्या कडा झिजल्यासारख्या वाटल्या. पण आजारी माणूस, तीन दिवस पडून असलेला. तिने तोंड उघडलं आणि शब्द आले. "मला घरी जायचंय. आणि इथे चहा म्हणून जे देतात ते कपाने नको, औषधाच्या चमच्याने द्या."

परिचारिका खळखळून हसली. डॉक्टरांनी बाबांच्या खांद्यावर थोपटलं. बाबांनी सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं.

पुढचे पाच आठवडे असेच गेले. तिने कामावरून रजा काढली होती. सकाळी नऊला ती वॉर्डात जायची आणि बाबांच्या उजव्या हाताला स्टूल घेऊन बसायची. बाबांचे हात चालायचे, तिचं तोंड चालायचं. बाबा एवढे गप्पिष्ट आहेत हे कुणाला ठाऊकच नव्हतं. छापखान्याच्या गोष्टी, आईच्या खोड्या, शेजारच्या खाटेवरच्या घोरणाऱ्या गृहस्थांवर शेरे. ड्यूटी संपलेल्या परिचारिकासुद्धा पाच मिनिटं ऐकायला थांबायच्या. बाबा वर्तमानपत्र उलटं धरून तासन्‌तास बसायचे, त्यावर ती म्हणायची, "जुळारी ना ते, सुलटं धरलं तर चुकल्यासारखं होतं त्यांना." लोकांना हे पटायचं.

दादा रविवारी यायचा. एकदा निघताना तो तिला कॉरिडॉरमध्ये म्हणाला, "मला नुसते हात हलताना दिसतात गं. काही म्हणजे काही कळत नाही."

"तुला आधी तरी कुठे कळत होतं?" ती म्हणाली.

"तेही खरंच." तो जिन्यापाशी थांबला. "मग ते नक्की घरी यायचंच म्हणतायत ना? तू एकटी आहेस. इतक्या दिवसांचं करणं. मी काही रोज येऊ शकणार नाही."

"रोज म्हणतायत. तू ऐकलंस ना आत्ता."

हे विचारण्याला कारण होतं. महिनाअखेरच्या शुक्रवारी बैठक होती. डॉक्टर, वाचा-उपचार करणाऱ्या बाई, दादा आणि ती. आपल्याला काय हवं ते बाबा स्वतः सांगू शकतात असं ठरलं, तर त्यांच्या इच्छेप्रमाणे घरी. नाही तर गावाबाहेरच्या कायमच्या शुश्रूषागृहात. ती जागा वाईट नव्हती, स्वच्छ होती, पण तिथल्या एकालाही खुणांची भाषा येत नव्हती. तिथे बाबा भिंतीसारखे होतील, एवढंच तिच्या मनात यायचं.

घरी मात्र थोडं विचित्र चाललं होतं. एक दिवस किराणा दुकानात ती म्हणाली, "अरे, पिशवी आणायला विसरलो." दुकानदाराने वर पाहिलं. बाबांच्या वतीने ती अशीच बोलायची, सवय झाली होती, म्हणून तिने हसण्यावारी नेलं. मग एका दुपारी ती स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. घरात कुणी नव्हतं. खोलीत कुणीतरी स्पष्ट, जरा चिडक्या सुरात म्हणालं, "माझा चष्मा कुठे टाकलास?"

तिने सुरी खाली ठेवली. आवाज तिचाच होता. तोंड अजून उघडं होतं. तिला चष्मा नव्हता.

ती बाबांच्या खोलीत गेली. चष्मा खाटेखाली पडला होता, ते कोसळले त्या सकाळपासून. दुसऱ्या दिवशी तिने तो नेऊन दिला. परिचारिका म्हणाली, "बरं झालं. परवापासून ते कपाटाचे खण उघडून काहीतरी शोधत होते." तिच्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटला. एवढं कुठल्या मुलीला कळतं?

वाचा-उपचार करणाऱ्या बाई अबोल होत्या. बोलण्याचा धंदा असलेली माणसं बरेचदा असतात. बाबांसमोर त्या चित्रं मांडायच्या, शब्द लिहिलेली कार्डं मांडायच्या, आणि सगळं एका छोट्या कॅमेऱ्यात टिपायच्या. बाबा 'किल्ली' या कार्डासाठी कपाचं चित्र उचलायचे. हो की नाही विचारलं तर प्रत्येकाला मान डोलवायचे, धड समोर न बघता. बैठकीच्या तीन दिवस आधी, मंगळवारी, बाईंनी तिला आपल्या खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"तुमच्या बाबांचं एक चित्रण दाखवते," त्या म्हणाल्या. "तुम्हाला ही भाषा माझ्यापेक्षा हजारपट येते. म्हणून तुम्हीच सांगा."

त्यांनी आवाज बंद केला.

पडद्यावर बाबा बोलत होते. तिने सवयीने तोंड उघडलं आणि बाईंनी हात वर केला. "बोलू नका. नुसतं बघा."

तिने बघितलं. मग म्हणाली, "पुन्हा लावा." पुन्हा बघितलं. मग, का ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं, ती म्हणाली, "शेवटाकडून लावता येईल? एकेक खूण, मागून पुढे."

बाई थांबत थांबत लावत गेल्या. शेवटची खूण, तिच्या आधीची, तिच्या आधीची. प्रत्येकीत एका शब्दाचा आकार होता, दुसऱ्याची जागा होती आणि तिसऱ्याचीच हालचाल. 'पाणी'ची बोटं, पण 'उद्या'च्या जागी, आणि 'भाऊ' म्हणताना फिरतात तशी फिरणारी. कुठे काही शब्दच नव्हता. चेहरा सगळा बरोबर होता. प्रश्नाला भुवया वर, ठासून सांगताना हनुवटी खाली, विनोदाच्या आधीचा तो छोटा विराम. शब्दांचे नुसते कपडे, आत माणूस नाही.

"पाच आठवडे," ती म्हणाली.

"त्यांचे हात शाबूत आहेत. हात जिथून शब्द घेतात ती जागा गेली आहे. तोंडाने बोलणाऱ्यांचं असंच होतं, वाक्यं धडाधड येतात आणि अर्थ नसतो. मेंदूला तोंड काय, हात काय, सारखंच."

"मग मी काय बोलत होते?"

"वाचताना आपण प्रत्येक अक्षर बघत नाही. पुढे काय येणार याचा मेंदू आधीच अंदाज बांधतो, आणि तोच वाचतो. तुम्हाला तर त्यांनी वाक्य सुरू करायच्या आधीच ते संपवायची चाळीस वर्षांची सवय आहे. त्यांच्या चेहऱ्यात ठेका होता. शब्द तुम्ही भरले. मुद्दाम केलं असं मी म्हणत नाहीये."

तिने मान हलवली. रडू आलं नाही, नुसती लाज वाटली, कानांच्या पाळ्यांपर्यंत. चहाचा विनोद तिचा होता. आईच्या खोड्या तिच्या होत्या. परिचारिका पाच आठवडे तिच्या विनोदांवर हसत होत्या आणि खांदे बाबांचे थोपटत होत्या.

"आणखी एक तुकडा आहे," बाई म्हणाल्या. "बघायलाच हवा असं नाही."

"लावा."

या वेळी आवाज होता. वॉर्डातली दुपार. कॅमेऱ्यात फक्त बाबा दिसत होते, छातीपासून वर, उशीवर मान कलंडलेली. दोन्ही हात चादरीवर उताणे. तोंड किंचित उघडं. ते गाढ झोपले होते. आणि चौकटीबाहेरून तिचा आवाज येत होता, सावकाश, समाधानी. "मी त्या खिडकीजवळ बसत असे. उजेड डावीकडून यायचा. हात दिसायला डावीकडचा उजेड चांगला. मला घरी जायचंय. माझी खुर्ची हलवू नका. मी येतोय."

एक मिनिट चाळीस सेकंद. पडद्याखाली आकडे पळत होते म्हणून तिला कळलं.

"तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "मी दोनदा हाक मारली."

तिला आठवेना. ती दुपार तिला मुळीच आठवेना.

शुक्रवारी दुसरी दुभाषी बोलवायची असं ठरलं. तिने फक्त मुलगी म्हणून बसायचं, तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. बाई हे इतक्या मऊपणे म्हणाल्या की तिला त्यांचा रागच आला. पण कबूल केलं. दादाला मात्र तिने काही सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडावं लागलं असतं, आणि उघडल्यावर त्यातून काय बाहेर पडेल याचा तिला भरवसा उरला नव्हता.

दोन दिवस ती गप्प राहिली. बाबांशेजारी बसली तरी ओठ मिटलेले, जीभ दातांत धरलेली, हात मांडीवर. हे सोपं नव्हतं. वाक्यं घशापर्यंत यायची आणि ढकलायची. बाबांचे हात चालायचे आणि ती स्वतःला बजावायची की हे शब्द नाहीत, ही बोटं आहेत. बघता बघता ती खरोखरच बोटं होत गेली. सुरकुतलेली, शिशाने कायमची काळवंडलेली नखं असलेली दहा बोटं, कुणाही म्हाताऱ्याची. दादाला आयुष्यभर हेच दिसत आलं असणार, तिच्या मनात आलं. बाबा एकाएकी फार लांब गेल्यासारखे वाटले. आणि गंमत म्हणजे या दोन दिवसांत बाबाच जास्त अस्वस्थ होते. सारखे मान हलवत, हात उगारत, तिच्या मनगटाकडे झेपावत. परिचारिका म्हणाली, "आज बोलत नाहीत वाटतं बाबा?" तिने नुसतं हसून वेळ मारून नेली.

बैठक दुपारी तीनला होती. टेबल नसलेली खोली, गोलात मांडलेल्या सहा खुर्च्या, कोपऱ्यात पाण्याचा जार. बाबांना चाकांच्या खुर्चीतून आणून तिच्या डाव्या हाताला बसवलं. पलीकडे दादा, मग डॉक्टर, मग बाई. दुसरी दुभाषी बरोबर समोर बसली. तिशीची, गडद साध्या कपड्यांतली, हातात काही न घातलेली, नखं कापलेली. या घरातलं तिला कुणी ओळखत नव्हतं, म्हणूनच तिला निवडलं होतं.

डॉक्टरांनी बाबांकडे बघून विचारलं, "तुम्हाला इथून पुढे कुठे राहायला आवडेल?" समोरच्या दुभाषीने ते स्वच्छ खुणांमध्ये सांगितलं. बाबांचे हात उठले. बराच वेळ चालले. खोलीत कापडाची सळसळ तेवढी ऐकू येत होती.

"माफ करा," ती दुभाषी म्हणाली. "हात चालले आहेत, पण मला अर्थ लागत नाहीये. एकही शब्द लागत नाहीये."

दादाने चमकून बहिणीकडे पाहिलं. तिने नजर उचलली नाही. तिने डोळे मिटून घेतले, कारण घशात ती वाक्यं चढत होती, आणि ओठ इतके आवळले की कडा दुखल्या. झालं, आता डॉक्टर लिहितील. शुश्रूषागृह. भिंत.

तेवढ्यात ती दुभाषी पुन्हा बोलू लागली. जरा चाचरत, मग सफाईने.

"मला घरी जायचंय. माझी खुर्ची खिडकीपाशी आहे. उजेड डावीकडून येतो."

दादाने सुस्कारा सोडला. "रोज हेच म्हणतात ते," तो डॉक्टरांना म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका होती. डॉक्टरांच्या पेनचा आवाज आला.

ती मिटल्या डोळ्यांनी ऐकत होती आणि तिच्या मानेवरचे केस उभे राहिले. खुर्चीचं या बाईला कुणी सांगितलं? उजेडाचं? म्हणजे बाबा बोलत होते. म्हणजे होतं काहीतरी त्या हातांत, आणि वाचा-उपचाराच्या बाई चुकल्या, कॅमेरा चुकला. आनंदाने तिला गदगदून आलं. तिने डोळे उघडले आणि बाबांच्या हातांकडे पाहिलं.

हात खुर्चीच्या दांड्यांवर होते, शांत.

समोरची दुभाषी बाबांकडे बघतच नव्हती. तिची नजर थोडी उजवीकडे होती, थोडी खाली. ती बोलत होती, "चहा गार झाला. माझा चष्मा," आणि तिची नजर जिथे होती तिथे मुलीने स्वतः मान खाली घालून पाहिलं. तिच्या मांडीवर तिचेच हात चालले होते. लहान, आवरलेल्या हालचाली, कुणी तोंडातल्या तोंडात पुटपुटावं तशा. पण स्वच्छ. आईने शिकवलेल्या वळणाच्या.

तिने त्यांना थांबवायला पाहिलं. थांबवायचं म्हणजे कुठून काय करायचं तेच सापडेना. झोपेत पाय बधिर झाला की तो आपला आहे हे नुसतं माहीत असतं, तसं. हात पुढे गेले. आता ते जे म्हणत होते ते तिने कधी कुणाला म्हटलं नव्हतं. ती ते दुसऱ्या कुणाचं वाचावं तसं वाचत होती, आणि पुढच्या क्षणी तेच समोरून, त्या अनोळखी, समतोल आवाजात ऐकू येत होतं.

"मी दमले आहे. मला बाबांना घरी न्यायचं नाहीये. चार वर्षांची होते तेव्हापासून मी बोलते आहे. मला एकटीला राहायचं आहे. त्या घरात मला गप्प बसायचं आहे. यांना घेऊन जा."

डॉक्टरांचं पेन थांबलं. दादाचा चेहरा पडला होता.

तिने बाबांकडे बघितलं. बाबा तिच्या मांडीकडे बघत होते. हातांनी बोलणारं माणूस समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघतं, हात त्याला डोळ्याच्या कडेने दिसतात. पाच आठवडे बाबा तिच्या चेहऱ्याकडे बघत नव्हते, खाली बघत होते, आणि सगळ्यांनी ते आजाराच्या खात्यात घातलं होतं. कॅमेऱ्यात फक्त बाबा येत. ती तोंडाने वॉर्डाला हसवत होती तेव्हा हे हात मांडीवर रिकामे होते की नव्हते, हे आता कोण सांगणार? आणि बाबांचे हात एवढे तळमळून जे बोलत होते, ते कशाचं उत्तर होतं?

"यांना घेऊन जा," समोरचा आवाज पुन्हा म्हणाला.

बाबा वाकले. त्यांनी आपले दोन्ही हात तिच्या हातांवर ठेवले आणि दाबून धरले. त्यांच्या घरात कुणी कुणाचे हात असे धरत नसे. बहिऱ्यांच्या घरात ते तोंडावर हात ठेवण्यासारखं, आणि भांडण कितीही विकोपाला गेलं तरी आई-बाबांनी तसं एकमेकांना कधी केलं नव्हतं. बोटं त्यांच्या तळव्यांखाली थोडा वेळ धडपडली आणि थांबली. समोरचा आवाज वाक्याच्या मध्येच तुटला.

"हे शेवटचं कोण म्हणालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला वाटलं मुलगी बाबांचं सांगतेय," दुसरी दुभाषी गोंधळून म्हणाली. "खोलीत कुणीही हात हलवले तरी ते बोलून दाखवायचं, असाच नियम आहे ना."

"मी," ती म्हणाली. तीन दिवसांनी उघडलेल्या तोंडातून आवाज खरखरीत निघाला. "ते मी म्हणाले. आधीचंही सगळं मीच. पण त्यांना समजतंय. बाई, त्यांना दिसलं आणि समजलं. विचारा त्यांना काहीतरी. माझे हात असे असतानाच विचारा."

वाचा-उपचाराच्या बाई खुर्ची सरकवून बाबांच्या समोर आल्या. त्यांनी खिशातलं पेन दाखवलं, दुसऱ्या दुभाषीने खूण केली. ही खुर्ची आहे का? बाबांनी वर पाहिलं. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा ते विचारणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांनी मान हलवली. नाही. हे पेन आहे का? हो. तुम्ही छापखान्यात काम करत होता? हो. तुमच्या शेजारी बसलीय ती तुमची बहीण आहे? बाबांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. नाही.

दादा रडत होता, आवाज न करता.

"आता विचारते," बाई म्हणाल्या. "तुम्हाला घरी जायचं आहे का?"

खूण अगदी साधी होती. बाबांनी ती पाहिली. मग त्यांनी मुलीकडे पाहिलं, खाली तिच्या हातांकडे नाही, चेहऱ्याकडे. बाबांनी मान हलवली. नाही.

बाईंनी शब्द बदलून विचारलं. शुश्रूषागृहात राहायचं आहे का? हो. मग पुन्हा पहिल्यासारखं. घरी? नाही. तिन्ही वेळा अर्थ एकच, न गोंधळता, न थांबता. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं की रुग्णाने आपली इच्छा स्पष्टपणे सांगितली आहे, आणि खाली तारीख टाकली.

ही इच्छा त्यांची स्वतःची होती की तिच्या मांडीवरून त्यांनी वाचलेली, हे तिला स्वतःच्या हातांनी विचारायचं होतं. पण बाबांनी अजून तिचे हात घट्ट धरून ठेवले होते, आणि त्यांना समजेल अशी दुसरी कुठली भाषा आता उरली नव्हती.